न दुखवणारा

४ मार्च, मंगळवार

बायको म्हणाली, दिवसभर जे पुटपुटत असता ते एकदा लिहून काढा, म्हणजे घरात जरा शांतता नांदेल. म्हणून ही वही. तिच्या शाळेतलीच आहे, वर हसरा सूर्य छापलेला. माझ्या वयाला आणि धंद्याला शोभणारी नाही, पण फुकट मिळालेल्या वहीची पानं मोजू नयेत.

आज दवाखान्यात दोन माणसं आली. एक पोस्टमास्तर, ज्यांचं काही दुखत नव्हतं, फक्त सावलीत बसायचं होतं. दुसऱ्या बाईंना शेजारच्या शिंप्याकडे जायचं होतं, दार चुकलं. गेल्या वर्षीपर्यंत या बाकावर लोक एकमेकांच्या मांडीवर बसायचे म्हटलं तरी चालेल.

परदेशी फौज तीन वर्षांपूर्वी आली आणि जुन्या कापडगिरणीत छावणी पडली. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण वर्षभरापूर्वी त्यांच्याकडे दातांचा एक डॉक्टर आला. कॅप्टन आहे. त्याने दर मंगळवारी आणि शुक्रवारी गावातल्या लोकांचे दात बघायला सुरुवात केली. त्याच्याकडे भुलीचं असं इंजेक्शन आहे म्हणे, की सुई टोचलेलीसुद्धा कळत नाही. गावाने त्याला नाव दिलं 'न दुखवणारा'. म्हणजे मी कोण ठरलो, ते मला कुणी बोलून दाखवत नाही. कधीतरी माझ्यापुढे तोंड उघडायची वेळ येईल, हे त्यांना ठाऊक आहे.

संध्याकाळी हेडमास्तर आले. सरकारने प्रत्येक गावाचं मत मागवलं आहे: फौजेने आणखी राहावं की जावं. जे गाव नको म्हणेल तिथली छावणी आणि चौकी आधी उठणार. आमच्या गावची चौकी पुलावर आहे. सात जणांची समिती नेमायची आहे आणि डॉक्टरमंडळींतर्फे त्यांना मी हवा आहे. "तुमचं कुणाशी वाकडं नाही," असं ते म्हणाले. खरंच नाही. मी हो म्हटलं.

७ मार्च, शुक्रवार

गिरणीवरून जाणं झालं. वाटेत नव्हती, पण झालं.

रांगेत एकतीस माणसं होती. त्यातली एकोणीस माझी. माझी म्हणजे, त्यांच्या तोंडातलं सिमेंट माझं. शिंप्याने मला पाहिलं आणि पटकन भिंतीकडे तोंड करून सिनेमाचं पोस्टर मन लावून वाचू लागला. सिनेमाघर बंद पडून चार वर्षं झाली. त्याची वरची दाढ मी दोनदा भरली आहे, दोन्ही वेळा तो लहान मुलासारखा रडला होता आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगेन.

तेवढ्यात कॅप्टन स्वतः बाहेर आला. उंच, बाह्या दुमडलेल्या, मान खांद्यांत जरा रुतलेली. मला पाहून हात हलवला आणि मोठ्याने "डॉक्टर" म्हणाला. सगळ्या रांगेने वळून माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसला.

त्याचे खालचे पुढचे दात वाकडे आहेत. ज्याला स्वतःचे दात धड ठेवता आले नाहीत त्याच्यापुढे एकतीस माणसं उभी राहतात. मला त्याचा हेवा वाटत नाही. मला लोकांचं आश्चर्य वाटतं.

११ मार्च, मंगळवार

समितीची पहिली बैठक शाळेच्या प्रयोगशाळेत झाली, सांगाड्याशेजारी. माझी खुर्ची मुद्दाम त्याच्या बाजूला ठेवली असावी.

हेडमास्तर आणि शिंपी राहू द्या म्हणणारे. शिंपी तर अर्थातच. गिरणीचा जुना फोरमन, औषधवाला आणि पोस्टमास्तर जाऊ द्या म्हणणारे. दूधवाल्याची बायको अजून काही बोलली नाही. मीही नाही.

फोरमनने चाळीस वर्षं त्या गिरणीत काढली. आता त्याच्या मागांच्या जागी सैनिकांच्या खाटा आहेत. तो म्हणाला, आपला पूल, आपली गिरणी, आपल्याच बायकांच्या पिशव्या रोज तपासून घ्यायच्या आणि वर थांबा म्हणायचं, हे किती वर्षं करणार? कधीतरी आपला पूल आपल्याला राखावा लागेलच. हेडमास्तर शांतपणे म्हणाले, चौकी नव्हती तेव्हा डोंगरातले बंडखोर त्याच पुलावरून पलीकडे उतरले आणि तिथली मुलींची शाळा जाळून गेले. ती शाळा माझी बायको चालवते. जळाली तेव्हाही तीच चालवत होती आणि पत्रे टाकून पुन्हा उभीही तिनेच केली. अडतीस मुली येतात. ती रोज सकाळी सातला पूल ओलांडून जाते आणि दुपारी दोनला परत येते.

मग सगळे दूधवाल्याच्या बायकोकडे बघायचं टाळत दूधवाल्याबद्दल बोलले. गेल्या हिवाळ्यात, धुक्यात, तो सायकलवरून पुलावर आला. चौकीतला सैनिक ओरडला, पण स्वतःच्या भाषेत ओरडला. दूधवाल्याला तसंही कमी ऐकू यायचं. त्याला गोळी लागली. दुसऱ्या दिवशी त्यांचे अधिकारी घरी येऊन टोपी काढून माफी मागून गेले.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, तुमचं काय ठरलं? म्हटलं, विचार करतोय. ती म्हणाली, करा. तिने दुसरं काही विचारलं नाही. मला वाटलं होतं ती गळ घालेल.

१४ मार्च, शुक्रवार

आज जे झालं ते लिहायला हात वळत नाही, पण लिहिल्याशिवाय झोपही येणार नाही.

दुपारी पेशंट नव्हते म्हणून लवकर घरी आलो. आई मागच्या खोलीत पडली होती. स्वयंपाकघरात ताटलीत एक सफरचंद होतं, एक घास घेऊन ठेवलेलं. मी पाणी प्यायलो. पुन्हा सफरचंदाकडे पाहिलं. मग उचललं आणि खिडकीपाशी नेलं.

आईची वरची कवळी मी सहा वर्षांपूर्वी केली. माझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम आहे ते. आईच्या समोरच्या दोन दातांत लहानपणापासून तांदळाच्या दाण्याएवढी फट होती. मी लहान असताना ती त्या फटीतून शीळ घालून मला अंगणातून आत बोलवायची. कवळी करताना मी ती फट तशीच ठेवली. तीन वेळा मेण वितळवून पुन्हा लावलं, तेव्हा हवी तशी जमली. तेव्हापासून ती हसली की मला तीच आई दिसते.

सफरचंदावरच्या खुणेत फट नव्हती. सहा दात ओळीने, सरळ, एकाला एक लागून. बायकोचे ते नव्हेत, तिचा उजवा सुळा पुढे आहे. घरात तिसरं कुणी नाही.

म्हणजे माझ्या आईच्या तोंडात दुसऱ्या माणसाचे दात आहेत. कुठल्या माणसाचे, ते मला विचारावं लागलं नाही.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी ते सफरचंद परत ठेवलं, खुणेची बाजू खाली करून, आणि दवाखान्यात जाऊन दोन तास रिकाम्या बाकासमोर बसलो.

१५ मार्च, शनिवार

सकाळी आईला म्हटलं, तुझी कवळी दे, घासून पॉलिश करून आणतो. तिने लगेच दिली. जरा जास्तच लगेच. कवळी नव्यासारखी होती, चहाचा डाग कुठे औषधाला नव्हता. म्हणजे महिनोन् महिने ती फक्त मी घरात असताना तोंडात जायची आणि मी बाहेर पडलो की डबीत.

मी म्हटलं, दुसरी दाखव.

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग उशीखालून रुमालाची पुरचुंडी काढून हातात दिली. काम चांगलं होतं. खोटं कशाला लिहू, चांगलं होतं. हिरड्यांचा रंग तर माझ्याकडे मिळतच नाही असा.

"माझी टोचत होती का?" मी विचारलं.

"नाही रे. तुझी छान बसते."

"मग?"

तिने उशी सरळ केली. मग म्हणाली, "ती फट मला कधीच आवडली नाही. शाळेत मुली चिडवायच्या. जन्मभर तोंडावर हात ठेवून हसले मी. सगळे दात पडले तेव्हा म्हटलं, चला, सुटले. आणि तू ती परत घालून दिलीस."

"मला वाटलं, तुला बरं वाटेल. तुझ्यासारखं."

"तुला आवडायची ती. तोंड माझं होतं." मग माझा हात धरून म्हणाली, "तू इतक्या हौसेने केलीस, कसं सांगणार? आता राहू दे. तू असशील तेव्हा तुझीच घालेन."

हे शेवटचं वाक्य तिने प्रेमाने म्हटलं, आणि तेच मला सर्वांत लागलं. आईने माझ्यासाठी दात घालायचे, जसे पाहुणे आले की चांगले कपडे घालतात. आणि त्या माणसासाठी काही नाही, त्याचे तर ती स्वतःसाठी घालते.

बायकोला सगळं ठाऊक होतं. तीच आईंना हाताला धरून गिरणीपर्यंत घेऊन गेली होती, चार वेळा, शाळेतून आल्यावर. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाली, "तुम्ही ऐकलं असतं?"

१८ मार्च, मंगळवार

छावणीत गेलो. एक डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरला भेटायला जातो तसा, कोट घालून. दाराशी माझे खिसे तपासले.

मला वाटलं होतं तो ओशाळेल. तो तर खूशच झाला. खुर्ची दाखवली, बटण दाबलं की आवाज न करता खालीवर होते. माझी पायाने दाबायची आहे आणि जड पेशंट बसला की आपोआप सुस्कारा टाकत खाली येते. मग दुभाष्याला बोलावलं आणि आईच्या कार्डावर काढलेली चित्रं दाखवत बसला. म्हणाला, त्याने पहिल्यांदा मेणाचे दात लावले तेव्हा माझी कवळी समोर ठेवून हुबेहूब तशीच फट ठेवली होती. काम इतकं बारीक होतं की त्याला वाटलं, ज्याने कुणी हे केलं त्याला कारण ठाऊक असणार. आईने ते मेण नखाने पुढे ढकलून फट बुजवली आणि बोटाने दाखवलं, असं हवं. "मला तिने शप्पथ घातली की मुलाला कळू द्यायचं नाही," असं दुभाषा त्याच्या वतीने म्हणाला. मग त्याने माझी माफी मागितली.

माफी मागायची यांना सवयच आहे. मागितली की झालं.

तो वाईट असता तर बरं झालं असतं. माझं काम त्याने नावाजलं आणि मला वाटलं, याच्या टेबलावरचं सगळं सामान खाली पाडावं. मी म्हटलं, खुर्ची छान आहे.

निघताना त्याने गाल धरून दाखवला. त्याची स्वतःची खालची डावी दाढ किडली आहे. स्वतःची स्वतःला भरता येत नाही, आणि राजधानीला जायचं तर विमानाची वाट बघायची. तुम्ही कराल का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, रविवारी या. गर्दी नसते.

इतर दिवशीही नसते, ते सांगितलं नाही.

२३ मार्च, रविवार

तो आला. बंदूकवाले दोघे दाराशी उभे राहिले, म्हणून रस्ता रिकामा झाला. फक्त शिंपी दुकानाच्या फटीतून बघत होता. दुभाषा आत आला, माझी अवजारं पाहिली आणि रक्त बघवत नाही म्हणत बाहेर गेला.

आयुष्यात कुणाला इतक्या हळू सुई टोचली नाही. हिरडी आधी बोटाने दाबून धरली, थेंब-थेंब औषध सोडलं, मग दोन मिनिटं थांबलो, मग दुसरी. मला त्याला दाखवायचं होतं. किडलेला भाग साफ केला, दाढ कोरडी केली, सिमेंटचे थर एकावर एक बसवले. पन्नास मिनिटं लागली. पन्नास मिनिटं त्या माणसाचा जबडा माझ्या हातात होता आणि तो एक शब्द बोलू शकत नव्हता.

मी मात्र बोललो. आधी हळूच, मग नेहमीच्या आवाजात. म्हटलं, तू माझे पेशंट घेतलेस, त्याचं मला फारसं वाटलं नाही. आईला नेलंस, त्याचं वाटतं. सहा वर्षं ती माझं काम तोंडात घेऊन हसत होती, आणि ते तिला आवडत नव्हतं, हे मला तुझ्यामुळे कळलं. मला कळायला नको होतं. आता समितीत तुझ्या फौजेवर माझं मत आहे, आणि मला पुलाचं काही वाटत नाही, शाळेचंही या घटकेला वाटत नाही, मला फक्त तू इथून जायला हवा आहेस. तू गेलास की ती पुन्हा माझ्याकडेच येईल, जाणार कुठे?

तो आ वासून माझ्या डोळ्यांकडे बघत होता. त्याला आमची भाषा येत नाही. दोन-चार शब्द येतात, पेशंटकडून उचललेले.

काम झाल्यावर त्याने कापूस थुंकला, जबडा हलवून पाहिला आणि आमच्या भाषेत म्हणाला, "नाही दुखलं." हे दोन शब्द त्याला दिवसातून तीस वेळा ऐकायला मिळतात, म्हणून येतात. बाकी काही नाही.

बोलून टाकल्याने मला बरं वाटलं. खरं तर मन इतकं साफ झालं आहे की आता मी मोकळेपणाने विचार करून मत देऊ शकेन.

२५ मार्च, मंगळवार

दोन दिवस मी हवेत होतो. गावभर झालं होतं की न दुखवणारा स्वतःची दाढ घेऊन माझ्याकडे आला. आता लोकांना कळेल असं वाटलं.

आज शिंपी मुद्दाम दवाखान्यात आला, बाकावर बसला आणि मान हलवत म्हणाला, "काय मनाचा मोठा माणूस हो. तुमच्या हातात जबडा दिला."

मी त्याला म्हटलं, दवाखाना बंद आहे. सकाळचे अकरा वाजले होते.

२८ मार्च, शुक्रवार

उद्या मतदान. दुपारी चहा घेताना बायकोने पहिल्यांदा विषय काढला. म्हणाली, "मला तुम्हाला काही शिकवायचं नाही. माझी पिशवी रोज उलटी करतात, मलाही आवडत नाही. फोरमन म्हणतात त्यातही खोटं काही नाही. तुम्ही जा म्हणालात तरी मी भांडणार नाही. फक्त पुलाचा विचार करून म्हणा. दुसऱ्या कशाचा करून नको."

दुसऱ्या कशाचा म्हणजे कशाचा, असं मी विचारलं. तिने कप उचलले आणि विसळायला गेली.

मला उगाच अपराधी ठरवायची तिची ही पद्धत आहे.

२९ मार्च, शनिवार

दूधवाल्याची बायको आज बोलली. उभी राहून, टेबलाची कड धरून. तिला आवाज चढवायची सवय नाही, त्यामुळे सगळ्यांना पुढे वाकावं लागलं.

ती म्हणाली, "माझ्या माणसाला कुणी मारलं ते मला माहीत आहे. त्याचा चेहरा पाहिलाय मी. त्याच्या छातीवरचा नंबर माहीत आहे. त्याआधी माझ्या भावाला डोंगरातल्यांनी नेला. कुणी नेला, कुठे टाकला, पाच वर्षं विचारत फिरतेय. हे लोक मला डोळ्यांसमोर नकोत. पण गेले तर पुन्हा विचारत फिरायचं येईल. राहू द्या."

तीन इकडे, तीन तिकडे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सांगाड्यानेसुद्धा, असं वाटलं.

मी उभा राहिलो आणि चांगला बोललो. हे मी म्हणत नाही, पोस्टमास्तर म्हणाले. स्वाभिमान, आपली जमीन, आपल्या माणसांचं रक्त. दुसऱ्याच्या हातून भलं करून घ्यायची सवय लागली की माणूस स्वतःचं तोंडही दुसऱ्याच्या हाती देतो, असंही म्हटलं. मग दूधवाल्याचा दाखला दिला, धुकं, सायकल, सांडलेलं दूध, सगळं. शब्द आपोआप येत होते.

दूधवाल्याची बायको म्हणाली, "माझ्या माणसाला तुमच्या भांडणात ओढू नका."

माझं कुठे कुणाशी भांडण आहे, असं मी विचारणार होतो. पण मतमोजणी सुरू झाली. चार विरुद्ध तीन. जावं.

फोरमनने मला मिठी मारली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, आजवर मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं. मला अवघडल्यासारखं झालं. त्याच्या कोटाला यंत्रांच्या तेलाचा वास येतो, म्हणून असेल.

घरी बायको वह्या तपासत होती. "चौथं मत कुणाचं?" तिने विचारलं. मी सांगितलं. तिने लाल पेन्सिलीने हातातल्या वहीचं पान पूर्ण तपासलं, मग पुढचं.

९ एप्रिल, बुधवार

बाकावर अकरा माणसं. छावणीत बांधाबांध सुरू झाली आहे, त्यामुळे कॅप्टनचा दवाखाना परवापासून बंद. महिनाअखेरीला पुलावरची चौकी उठणार. फोरमनने बारा माणसं जमवली आहेत, शिट्ट्या आणि काठ्या घेऊन आळीपाळीने पूल राखणार. तो रोज त्यांची कवायत घेतो. मनापासून घेतो.

दुभाषा एक खोकं देऊन गेला. कॅप्टनने पाठवलेलं. आत त्याची ती भुलीची इंजेक्शनं, दोन वर्षं पुरतील इतकी. चिठ्ठी नाही. परत पाठवणार होतो. पण बाकावर माणसं कण्हत होती.

शिंपी खुर्चीतून उठला आणि म्हणाला, "आता तुम्हीसुद्धा न दुखवणारे झालात." म्हणजे माझं हे कौतुकसुद्धा त्या कॅप्टनचंच. जाताना त्याने मागे ठेवलेलं.

आई दिवसभर माझीच कवळी घालून असते. मी बाहेर असतानाही. विचारलं, तर म्हणाली, "असू दे. तुझ्या जिवाला बरं." मी जिंकलो आहे, आणि माझ्या पोटात दुखायचं थांबत नाही.

२१ एप्रिल, सोमवार

बायको म्हणाली, चौकी उठेल त्या दिवसापासून मी शाळेतच राहणार. मागे एक खोली आहे, तिचं छत नीट करून घेतलं आहे.

मला वाटलं, रागाने बोलते आहे. पण ती हिशेबाने बोलत होती. चौकी गेल्यावर रोज दोनदा पूल ओलांडणं बरोबर नाही. एखाद्या दिवशी पूल बंद झाला आणि ती या बाजूला अडकली, तर पलीकडच्या मुली दाराशी येऊन परत जातील, आणि एकदा परत गेलेली मुलगी पुन्हा पाठवली जात नाही. ती तिथेच राहते म्हटल्यावर आईबाप पाठवतील. वीस-पंचवीस तरी राहतील.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुमच्या बाकावर माणसं आहेत."

अडतीस मुलींचा मला हेवा वाटला. लिहूनच ठेवतो, इथे कोण वाचतंय. ज्या मुलींनी माझ्यासमोर कधी तोंडही उघडलं नाही, त्यांच्यासाठी ती घर सोडते आहे, आणि माझ्यासाठी राहत नाही.

आईने ऐकून फक्त विचारलं, "खोलीला आतून कडी आहे ना?" बायको म्हणाली, "दोन आहेत, आई."

३० एप्रिल, बुधवार

सकाळी गाड्या निघाल्या. कॅप्टन तिसऱ्या गाडीत होता. त्याने गालावर बोट ठेवून मला दाढ दाखवली आणि हात हलवला. मीही हलवला.

चौकीतल्या वाळूच्या पोत्यांवर फोरमनची माणसं बसली होती. बायकोकडे दोन पिशव्या. एक मी घेऊन पुलाच्या तोंडापर्यंत गेलो. पुढे मला यायचं होतं, ती म्हणाली नको, दवाखाना उघडायची वेळ झाली आहे.

मग तिने पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "एक विचारते. खरं सांगितलंत तर मी आज जात नाही. उद्यापासून रोज जाऊन-येऊन करेन, जमेल तितके दिवस. त्या दिवशी मत कशासाठी दिलंत?"

ती चिडलेली नव्हती. तिला उत्तर ठाऊक होतं. तिला फक्त ते माझ्या तोंडून हवं होतं. तेवढं दिलं असतं तर ती संध्याकाळी घरी असती.

मी म्हटलं, "देशासाठी."

ती हसली. वाईट हसू नव्हतं. म्हणाली, "मग देशाला सांगा संध्याकाळी ताट वाढायला," आणि दोन्ही पिशव्या उचलून चालू लागली.

पूल दोनशे पावलांचा आहे. ती सावकाश जात होती, पिशव्या जड होत्या, मध्ये एकदा थांबून हात बदलले. त्या माणसाचा हेवा वाटला म्हणून मत दिलं. हे एवढंच वाक्य आहे. इथे लिहायला अर्धी ओळही लागली नाही. तेव्हा हाक मारून म्हटलं असतं तर शंभराव्या पावलावरही तिला ऐकू गेलं असतं, दीडशेव्यावरही. फोरमनची माणसं ऐकत होती, आणि ज्याने मला मिठी मारली तो फोरमन त्यांच्यात होता.

ती पलीकडे पोचली. चार-पाच मुली तिला घ्यायला आल्या होत्या, त्यांनी पिशव्या घेतल्या. तिने मागे वळून पाहिलं. मी तसाच तोंड मिटून उभा होतो.

परत येऊन दवाखाना उघडला. बाकावर नऊ माणसं बसली होती. पहिल्याला म्हटलं, आ करा.